भिंतीतली सातवी नळी

मित्रांनो, माझी ओळख एका दमात सांगून होते. मी भाजलेल्या मातीची एक जुनी नळी आहे. लांबीला दीड हात, जाडीला तुमच्या मनगटापेक्षा थोडी जास्त, आणि दोन्ही टोकांना उघडी. माझ्या पोटात काहीही नाही. ते तसंच रिकामं राहावं म्हणूनच मला घडवलं आहे. एका बालवाडीच्या मागे दगडी भिंत आहे, तिच्यात मी आडवी बसवलेली आहे. माझं एक तोंड बालवाडीच्या अंगणाकडे असतं आणि दुसरं डोंगराच्या मातीकडे. अशा आम्ही बारा जणी होतो. डावीकडून मोजलं तर मी सातवी. आता आम्ही दहाच उरलो आहोत. ते कसं झालं, हे सांगायचं आहे.

मला एका कुंभारणीने घडवलं. तिचा नवरा चाकावर मडकी करायचा आणि लोक त्याचं कौतुक करायचे. नळ्या मात्र तिच्या वाट्याला यायच्या, कारण नळीला चाक लागत नाही. ओल्या मातीचा जाड थर थापायचा, तो लाकडी दांड्याभोवती गुंडाळायचा, जोड ओल्या हाताने पुसायचा आणि माती आवळायच्या आत दांडा ओढून काढायचा. उशीर झाला तर दांडा अडकतो, घाई केली तर नळी खाली बसते. चौदा जणी भट्टीत गेलो, बारा जणी धड बाहेर आलो.

"नळ्याच तर आहेत," नवरा म्हणाला.

"मग करा की एखादी," ती म्हणाली.

तो पुन्हा चाकाशी जाऊन बसला.

डोंगराच्या उतारावर सपाट जागा आयती मिळत नाही. ती कापून काढावी लागते. बालवाडीसाठी उताराचा पायथा असाच कापला होता. आता एखाद्याच्या पायाखालची पायरी काढून घेतली तर तो खाली येणारच. वरच्या मातीचंही तसंच होतं. तिला टेकू द्यायला भिंत हवी होती, म्हणून गवंडी आला. गवंडी फार हळू काम करायचा. एकेक दगड हातात घेऊन तो असा निरखायचा, जणू त्याला जावईच करून घ्यायचा आहे. त्याची बायको खडी वाहायची. आम्हाला जमिनीपासून लहान मुलाच्या कमरेइतक्या उंचीवर एका रांगेत बसवलं. अंगणाकडचं तोंड किंचित खाली झुकवलं, म्हणजे पाणी आपोआप बाहेर यावं.

बालवाडीच्या मोठ्या बाई रोज येऊन काम बघायच्या. आम्हाला बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"अहो गवंडीदादा, भिंत नवीकोरी आणि तिला ही भोकं कशाला? खाली ओघळ येतील. मला तिथे फुलपाखरं रंगवून घ्यायची आहेत."

"फुलपाखरं वर काढा, बाई," गवंडी म्हणाला. "पाऊस पडला की डोंगर पाणी पितो. ते पाणी आतल्या आत खाली सरकत माझ्या भिंतीच्या पाठीला येऊन टेकतं. दार असलं तर मुकाट बाहेर जातं. दार नसलं तर तिथेच साठतं आणि भिंतीला ढकलत बसतं. माणूस ढकलून ढकलून दमतो. पाणी दमत नाही."

त्याची बायको आमच्या आतल्या तोंडामागे खडी भरत होती. खडीतून पाणी येतं, पण माती अडते. म्हणून प्रत्येकीमागे खडी लागते.

"दीड घमेलं पुरे," गवंडी म्हणाला.

"तुम्ही दगड बघा," ती म्हणाली, आणि दोन दोन घमेली घातली.

त्या जास्तीच्या अर्ध्या घमेल्यावर आम्ही तीस वर्षं काढली.

या तीस वर्षांत सांगण्यासारखं फार काही घडलं नाही, आणि नळीच्या आयुष्यात हीच चांगली बातमी असते. पावसाळ्यात आमच्यातून पाणी यायचं. आधी थेंब थेंब, मग करंगळीएवढी धार. पाणी स्वच्छ असायचं. उन्हाळ्यात माझ्यात एक पाल राहायची. मुलं माझ्या तोंडाला डोळा लावून डोंगराच्या आत काय आहे ते बघायची. आत अंधार होता, पण प्रत्येकाला काहीतरी वेगळं दिसायचं. एकदा मोजमाप करणारे साहेब आले. त्यांनी भिंतीवर हातोडी ठोकली, कान लावला आणि म्हणाले, "भिंत उत्तम आहे." भिंत उत्तम. नळ्यांचं नाव नाही. असो.

खाली सगळं ठीक होतं, वर मात्र एकेक गोष्ट बदलत गेली. उतारावर पूर्वी गवत होतं, खोल मुळांची झुडपं होती आणि त्यांच्याखाली वाळल्या पानांचा थर होता. पाऊस आधी पानांवर पडायचा, मग गवतात अडायचा आणि मग सावकाश मातीत मुरायचा. वर राहायला आलेल्या काकूंनी झुडपं काढून टाकली, कारण खिडकीतून दूरवरचं दिसत नव्हतं. पानं झाडून जाळली, कारण कचरा दिसत होता. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी वळण टाळून सरळ खाली उतरायला सुरुवात केली. पायाखाली गवत मेलं आणि उतारावर एक उघडीबोडकी पायवाट तयार झाली. सरळ पायवाट म्हणजे पाण्याची घसरगुंडी. पाणी तिच्यावरून धावत सुटायचं आणि जाताना माती घेऊन जायचं. यातलं काहीच कुणी मुद्दाम केलं नाही. प्रत्येकाने आपल्यापुरतं थोडंथोडंच केलं. दरम्यान गवंडी वारला. मोठ्या बाई निवृत्त झाल्या. फुलपाखरांचा रंग उडाला आणि आमच्याकडे बघणारं कुणी उरलं नाही.

मग बालवाडीत नव्या ताई आल्या.

ताई हुशार होत्या. मुलांना नुसतं सांगून काही होत नाही, दाखवावं लागतं, हे त्यांना माहीत होतं. एका दिवशी त्यांनी अंगणात तीन पसरट ट्रे मांडले. प्रत्येकाच्या एका बाजूखाली वीट ठेवली, म्हणजे उतार झाला. पहिल्या ट्रेमध्ये नुसती माती. दुसऱ्यात मुळांसकट उपटून आणलेलं गवत. तिसऱ्यात मातीवर वाळकी पानं आणि आडव्या ओळीत मांडलेले खडे. प्रत्येकाच्या खालच्या टोकाशी एक काचेचा पेला. पहिल्या ट्रेच्या मातीवर त्यांनी काडेपेटीचं घर ठेवलं आणि झारीने पाऊस पाडला.

पहिल्या पेल्यात तपकिरी पाणी जमलं. "चहा झाला!" मुलं ओरडली. काडेपेटीचं घर घसरत खाली आलं आणि पेल्यात बुडालं. एक मुलगा मोठ्याने रडायला लागला, कारण त्याने त्या घरात मनातल्या मनात आपल्या आईला ठेवलं होतं. ताईंनी घर बाहेर काढलं, पुसलं, आई आधीच बाजारात गेली होती असं सांगितलं, तेव्हा तो थांबला. गवताच्या ट्रेखालचा पेला जवळजवळ स्वच्छ होता. पानांच्या ट्रेखालचा थोडासाच गढूळ.

"बघितलंत? उघडी माती पाण्याबरोबर वाहून जाते," ताई म्हणाल्या. "याला धूप म्हणतात. आणि खूप माती एकदम घसरली की तिला दरड कोसळणं म्हणतात. मुळं माती धरून ठेवतात. पानं पावसाचा मार झेलतात. आडवे खडे पाण्याला धावू देत नाहीत."

धडा चांगला होता, मित्रांनो. मी तिथूनच ऐकत होते. फक्त तो अर्धा होता.

त्या वर्गात एक मुलगी होती. पाच वर्षांची. कुठल्याही वाक्याला ती 'पण मग' लावायची, म्हणून ताईंनीच तिचं नाव वकील ठेवलं होतं. गवंड्याची ती नात. आजोबांना तिने पाहिलेलं नव्हतं, पण भिंत आपल्या आजोबांची आहे हे ती रोज एकदा तरी सगळ्यांना ऐकवायची.

"ताई, वाहतं पाणी माती नेतं?" वकिलीणबाईंनी उलटतपासणी सुरू केली.

"नेतं."

"सगळं?"

"हो गं."

"पण मग आपल्या भिंतीतून पाणी येतं ते?"

नेमकं त्याच वेळी कुणीतरी उरलेली झारी कुणाच्या तरी डोक्यावर ओतली. "वकील, थांब जरा, आधी याचे कपडे बदलू दे," म्हणत ताई आत गेल्या. त्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही. पाच वर्षांच्या मुलीला उत्तर मिळालं नाही तर ती ते स्वतः तयार करते.

मधल्या सुट्टीत घसरगुंडीमागे सभा भरली.

"भिंतीतून पाणी येतंय. पाणी माती नेतंय. म्हणजे डोंगर चाललाय," वकील म्हणाली.

"कुठे?"

"गटारात."

"सगळा?"

"रोज थोडा थोडा. मग संपणार."

"मग आपण सहलीला कुठे जायचं?" एकीने विचारलं. यावर सगळे गंभीर झाले. मग कुणीतरी म्हणालं, बंद करू या. आणि ते सगळ्यांना पटलं.

दोन दिवस काम चाललं. ताई आत डबे मोजत असताना, पाणी प्यायला जातो म्हणून, एकेक जण येऊन आपापली नळी बुजवून गेला. पहिलीत खोडरबर आणि चित्रकलेच्या कागदांचा बोळा. तिसरीत हातरुमाल. अकरावीत एका दांडगोबाने खिसाभर खडे ठोकून बसवले. मी वकिलीच्या वाट्याला आले. तिने पायातला मोजा काढला, गुंडाळी केली आणि लाकडी पट्टीने कोपरापर्यंत आत ढकलली. वर, तोंडापासून बोटभर आत, खेळातली हिरवी माती थापली आणि बोटाने दोन डोळे आणि एक तोंड काढलं.

"आता नाही हं तुला गळायला लागणार," ती म्हणाली आणि माझ्या कडेवरून हात फिरवला.

खरं सांगते, तीस वर्षांत माझ्याशी इतक्या मायेने कुणी वागलं नव्हतं. आणि इतकं वाईटही माझं कुणी केलं नव्हतं. मी ओरडले असते, पण नळीला आवाज नसतो. तिच्यातून जे जातं त्याचाच आवाज तिचा, आणि आता काहीच जाणार नव्हतं.

ताईंना शेवटी सांगून चकित करायचं, असं सभेत ठरलं होतं. त्यामुळे कुणी बोललं नाही.

पुढच्या आठवड्यात पाऊस लागून राहिला. पहिल्या दिवशी पाणी नेहमीसारखं खडीपर्यंत आलं आणि थांबलं. माझ्या बोळ्याला बारीक चिखल येऊन चिकटला आणि तो आणखी घट्ट झाला. दुसऱ्या दिवशी पाणी माझ्यावर हातभर चढलं. तिसऱ्या दिवशी भिंतीच्या निम्म्यावर. वरून ती उघडी पायवाट आणखी पाणी आणून ओततच होती. माती पाण्याने जड झाली आणि भिंतीवर रेलली. मधले दगड केसभर पुढे आले. मागच्या अंगणाच्या फाटकाचा एक खांब भिंतीला धरून आहे. ते फाटक लागेनासं झालं. ताईंनी बिजागरीला तेल घातलं.

चौथ्या दिवशी दुपारी गवंड्याची बायको नातीला न्यायला आली. आता सगळे तिला आजी म्हणत. पोरं मागच्या खोलीत गाणं म्हणत होती. त्या खोलीची खिडकी आणि भिंत यांच्यात जेमतेम अंगणाचं अंतर. आजी छत्री धरून फाटकाशी उभी राहिली आणि भिंतीकडे बघत राहिली.

"ताई," तिने हाक मारली. "नळ्या कोरड्या का?"

ताई दारात आल्या. "हो ना आजी. मीसुद्धा बघितलं. मला वाटलं, चला, पाणी यायचं थांबलं, बरं झालं."

"पाऊस थांबला का?"

"नाही."

"मग पाणी गेलं कुठं?"

ताईंच्या तोंडचा रंग उतरला. आजीने फाटक हलवून बघितलं, ते कुठे अडतं ते बघितलं आणि छत्री मिटली.

"पोरं आधी बाहेर. समोरच्या वाचनालयात. दप्तरं राहू देत. या खोलीत आता कुणी परत यायचं नाही, काही विसरलं तरी नाही."

तेवीस मुलं एकमेकांचा सदरा धरून रस्ता ओलांडून गेली. ताईंनी त्यांना दारात मोजलं आणि आत गेल्यावर पुन्हा मोजलं. पुढचं मी स्वतः पाहिलेलं नाही. पण बालवाडीत ते इतक्यांदा सांगितलं गेलं आहे की मला तोंडपाठ झालं आहे.

वाचनालयाच्या दारात आजी ताईंना सांगत होती. "आतल्या बाजूने गाळ बसला असणार. म्हणजे वरून खणून खडी मोकळी करावी लागेल. दोन दिवसांचं काम. भिंत काही दोन दिवस थांबत नाही. खोली गेलीच समजा."

वकील आजीच्या पदराशी उभी होती. तिने सगळं ऐकलं. तिच्या एकाच पायात मोजा होता. मोजा हरवला म्हणून घरी बोलणी बसतील या भीतीने तिने इतके दिवस तो पाय झाकून काढले होते. आता त्यापेक्षा फारच मोठं काहीतरी निघालं होतं. न बोलता राहता आलं असतं. मातीने बुजल्या, असं सगळे धरून चाललेच होते. कुणी विचारलं नव्हतं.

"आजी, कान इकडे कर."

"मोठ्याने सांग. पावसात ऐकू येत नाही."

"आम्ही बुजवल्या."

मागून एक दबका आवाज आला, "गंमत होती ना ती!"

"कशाने बुजवल्या?" आजीने विचारलं.

"पहिलीत खोडरबर नि कागद. दुसरीत रंगीत माती. तिसरीत रुमाल..." वकील बोटं मोजत गेली. "सातवीत माझा मोजा."

"डावा?"

"हो."

"तरीच. मी घर पालथं घातलं," आजी म्हणाली. "किती आत?"

वकिलीने कोपर दाखवलं. "सगळ्यांनी एवढंच. पट्टी तेवढीच आहे."

आजीने एक श्वास सोडला. "पोरी, बाहेरच्याच तोंडाशी ना? मग दोन दिवस कशाला, घटकाभराचं काम आहे." मग ताईंकडे वळून म्हणाली, "लांब काठी हवी. आणि तार."

वाचनालयाच्या काकांनी पडदे लावायची काठी काढून दिली. तिच्या टोकाला आजीने तारेचा आकडा वळवला. मुलांना कडी लावून आत ठेवलं. आजी आणि ताई दोघीच आल्या आणि भिंतीच्या समोर न येता फाटकाच्या बाजूने, कडेला उभ्या राहिल्या. भिंत वाकली असेल तर तिच्या समोर कधीही उभं राहायचं नसतं, मित्रांनो, आणि मुलांनी तर तिच्या आसपासही फिरकायचं नसतं. आजी आयुष्यभर भिंतींजवळ वावरली होती आणि तरीही ती वारंवार वर बघत होती.

पहिलीतलं खोडरबर सुटलं ते सरळ घसरगुंडीवर जाऊन आपटलं. मागून तपकिरी धार आली. दुसरी, तिसरी. रुमाल आकड्याला लटकून बाहेर आला. प्रत्येक नळी मोकळी झाली की आजी आणि ताई एक पाऊल पुढे सरकायच्या आणि थांबून ऐकायच्या. माझी पाळी आली. हिरवी माती पडली, आकडा मोज्यात रुतला आणि एका झटक्यात माझं पोट रिकामं झालं. चार दिवस तुंबलेलं पाणी माझ्यातून असं धावलं की मी फुटते की काय असं मला वाटलं. फुटले नाही. आठवी, नववी, दहावी.

अकरावी निघेना. त्या दांडगोबाचे खडे पक्के बसले होते. आजीने काठी दोनदा आत घातली. तेवढ्यात वरून एक छोटा दगड घरंगळत खाली आला. लिंबाएवढा. बस, तेवढाच.

"मागे," आजी म्हणाली. ओरडली नाही.

त्या फाटकाबाहेर पोचल्या आणि भिंतीचं उजवं टोक बसलं. फार मोठा आवाज झाला नाही. ओलं पोतं टाकल्यासारखा झाला. दगड, माती आणि वरचं अर्धं उपटलेलं झुडूप, सगळं वाळूच्या खेळावर येऊन पडलं. एरवी दुपारी त्या वाळूत सात-आठ मुलं हमखास असायची. अकरावी आणि बारावी तिथेच गेल्या. बाकीची भिंत उभी राहिली, आणि मागची खोलीही. आम्ही दहा जणी संध्याकाळपर्यंत वाहत होतो. अंधार पडायच्या सुमारास माझं पाणी पुन्हा स्वच्छ झालं.

पाऊस उघडल्यावर आजी नातीला घेऊन पडलेला भाग बघायला आली. दोघी फाटकाबाहेरच उभ्या होत्या.

"आजोबांची भिंत मी पाडली ना?" वकिलीने विचारलं. यावेळी 'पण मग' नव्हतं.

आजीने दगडांच्या ढिगाकडे बोट केलं. "दोन नळ्यांची पाडलीस," ती म्हणाली. "दहा नळ्यांची राखलीस. दोन्ही तूच."

वकिलीने बराच वेळ हिशेब केला. तो तिला पटला असावा, कारण तिने नाक पुसलं.

पडलेला भाग एका नव्या गवंड्याने बांधला. त्यात दोन प्लॅस्टिकच्या नळ्या आहेत. चांगल्या आहेत, गुळगुळीत आहेत. फारशा बोलत नाहीत.

पुन्हा शाळा भरली त्या दिवशी ताईंनी एक नाही, दोन नवे ट्रे मांडले. दोन्हीत माती आणि दोन्हीत पुठ्ठ्याची भिंत. एका पुठ्ठ्याला पेन्सिलीने भोकं पाडली होती. झारी झाली. भोकांच्या पुठ्ठ्यातून पाणी आलं आणि पुठ्ठा उभा राहिला. दुसरा फुगला, वाकला आणि आडवा झाला.

"त्या दिवशी मी अर्धंच सांगितलं," ताई मुलांना म्हणाल्या. "वकिलीने बरोबर प्रश्न विचारला होता, मी थांबले नाही. तर ऐका. वर उतारावर पाण्याला धावू द्यायचं नाही. खाली भिंतीशी पाण्याला अडवायचं नाही. दोन्ही लक्षात ठेवायचं."

वरच्या उतारावर काम करायला मोठी माणसं आली आणि मुलांनी रोपं हातात दिली. गवताचे ठोंब उतारावर आडव्या ओळीत लावले, उभ्या नाही, कारण उभ्या ओळींमधून पाणी पळतं. खोल मुळांची झुडपं लावली. भिंतीच्या बरीच वर एक आडवा चर खणला आणि त्याचं पाणी बाजूच्या नाल्यात सोडलं. सरळ पायवाट दगड लावून बंद केली आणि शेजारून नागमोडी वाट केली. लोक कुरकुरले, लांब पडतं म्हणाले. आता सवय झाली आहे. वरच्या काकू तेवढ्या नाराज होत्या.

"पुन्हा झुडपं? आम्हाला लांबचं काही दिसणार नाही."

"पण मग," वकील म्हणाली, "तुमचं घर खाली आलं तर सगळंच जवळून दिसेल."

"मोठ्यांशी असं बोलू नये," आजीने तिला मागे ओढलं. मग म्हणाली, "पण खरं आहे ते." काकूंनी झुडपं लावू दिली. पानंही आता त्या जाळत नाहीत.

अंगणात भिंतीपासून लांब एक पांढरी रेघ मारली आहे. पाऊस असला की रोज एक मूल ताईंबरोबर त्या रेघेवर उभं राहतं आणि आमच्याकडे बघून ओरडतं. "स्वच्छ!" म्हणजे सगळं ठीक. "गढूळ!" म्हणजे आतली माती निघायला लागली, ताईंनी लगेच कळवायचं. आणि पाऊस असून एखाद्या नळीतून "काहीच नाही!" असं कुणी ओरडलं, तर प्रश्न न विचारता सगळ्यांनी समोरच्या वाचनालयात जायचं. गेल्या वर्षी तसं दोनदा झालं. एकदा माझ्यातच बेडूक बसला होता. तरीही सगळे गेले, आणि कुणी कुणाला हसलं नाही.

मित्रांनो, तुमच्या वाटेवरही अशा भिंती असतील. शाळेमागे, रस्त्याकडेला, एखाद्या दवाखान्याच्या आवारात. त्यांच्यात माझ्यासारख्या ओळीने बसवलेल्या असतील. लांबूनच एकदा बघा. त्यांच्यात कागद घालू नका, दगड घालू नका, प्रेमाने काही घालू नका. वरचं झाड कुणी तोडत असेल तर विचारा, का म्हणून. भिंतीला पोट आलेलं दिसलं, जमिनीला नवी भेग दिसली, पाणी एकाएकी गढूळ झालं किंवा थांबलं, तर तिथून दूर व्हा आणि जे पहिलं मोठं माणूस भेटेल त्याला सांगा. त्याने लक्ष दिलं नाही तर दुसऱ्याला सांगा.

आणि आपल्याच हातून काही झालं असेल, तर तेही सांगा. रागावतील का? रागावतीलही. वकिलीला तो मोजा तीन वेळा धुवायला लागला आणि त्यावरचा हिरवा डाग अजून गेलेला नाही. पण त्या दुपारी सगळे चुकीचं कारण धरून बसले होते, आणि खरं कारण फक्त तेवीस लहान तोंडांत अडकलं होतं. त्यातलं एक तोंड वेळेवर उघडलं, म्हणून ती खोली आज उभी आहे. आत्ताही तिच्यात कुणीतरी बेसूर गातं आहे, आणि मला ते इथवर ऐकू येतं आहे.